किल्ल्यांचा जुडगा

आजारी पडतो तो एकटा माणूस. पण आजारपण येते ते साऱ्या घराला. कोणी रात्री उठून पाणी देतो, कोणी औषधांच्या वेळा सांभाळतो, कोणी बिले भागवतो, तर कोणी नुसताच पायथ्याशी बसून राहतो. जुन्या फॅमिली डॉक्टरांना हे पुरते ठाऊक असे. नाडी ते रोग्याची पाहत. पण पथ्य सांगत ते स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या असलेल्या बाईला!

आता कागदपत्रे संगणकात गेली. रिपोर्ट, औषधांची यादी, पुढची तारीख, सारे रुग्णालयाच्या पोर्टलवर असते. सोय मोठीच झाली. दाराशी उभ्या असलेल्या त्या बाईला आत बोलवायचे मात्र राहून गेले.

माझी आत्या तेरखेड्याला असते. सोलापूर-बीड रस्त्यावरचे, वाशी तालुक्यातले, फटाक्यांसाठी नावाजलेले हे गाव. आत्याने ऐंशी ओलांडली आहे आणि मधुमेह तिचा जुना सोबती. तिचे सगळे वहिनी करतात. कोठीच्या किल्ल्या आत्याने त्यांच्या हाती केव्हाच दिल्या. पोर्टलची किल्ली मात्र पुण्यात शिकणाऱ्या नातवाकडे! नाव नोंदवताना त्याचा मोबाइल नंबर दिला गेला, म्हणून ओटीपी त्याच्याच फोनवर येतो. वहिनींना रिपोर्ट पाहायचा तर आधी पुण्याला फोन. चिरंजीव वर्गात असले, तर ते बाहेर येईपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली!

गोष्ट एवढ्या गमतीवरच थांबती, तर मी लिहायला बसलो नसतो. गेल्या पावसाळ्यात तपासण्या पाहून डॉक्टरांनी आत्याचे इन्सुलिन १४ युनिटांवरून १० वर आणले. सूचना पोर्टलवर चढली, संदेश पुण्याला गेला आणि परीक्षेच्या गडबडीत तिथेच पडून राहिला. इकडे वहिनी इमानेइतबारे १४ युनिटेच देत होत्या. तिसऱ्या रात्री आत्याला दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरू लागले. वहिनींनी ओळखले, साखरेचे पाणी पाजले आणि वेळ निभावली.

संगणकाला कुटुंब कळतच नाही, असे नव्हे. २०२१ साली कोविडच्या लसीसाठी 'कोविन' आले, तेव्हा एका मोबाइलवर ४ जणांची नावे नोंदवता येत. जानेवारी २०२२ मध्ये ती संख्या ६ झाली. आता सरकारच्या 'आभा' योजनेत ज्याला त्याला १४ आकडी क्रमांक मिळतो, आणि त्याची कागदपत्रे पाहायला त्याची संमती लागते. ती लागलीच पाहिजे. आजारी माणसालाही काही झाकून ठेवायचे असते.

मी आत्याला विचारले, "तुझे रिपोर्ट घरात कोणी पाहिलेले चालतील?"

ती म्हणाली, "सुनंला समदं दिसू दे. लेकाला निस्तं औषधाचं सांग. बाकीचं कळलं तर त्याला घास जायचा न्हाई."

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत थोडीफार अशीच वाटणी आहे. रोग्याच्या संमतीने त्याच्या माणसाला स्वतःच्या नावाने आत जाता येते. डॉक्टरांची वेळ ठरवणे, नेहमीची औषधे मागवणे आणि कागदपत्रे पाहणे यांच्या परवानग्या वेगवेगळ्या असतात, आणि रोग्याला वाटले तर त्या परतही घेता येतात. आत्याने इंग्लंड पाहिलेले नाही. पण कोठीच्या किल्ल्या सुनेला देताना आपल्या पेटीची किल्ली तिने कनवटीलाच ठेवली होती!

पोर्टल बांधणाऱ्यांकडे माझे मागणे थोडेच आहे. रोग्याच्या नावाखाली आणखी एक ओळ असावी: 'काळजी कोण घेते?' आणि ती रोग्यालाच भरू द्यावी.

तूर्त दसऱ्याला गावी आलेल्या नातवाने रुग्णालयात जाऊन नंबर बदलून घेतला. ओटीपी आता वहिनींच्या फोनवर येतो. पोर्टल उघडले की ते आत्याला नाव घेऊन नमस्कार करते. वहिनींचे नाव त्यात अजून कोठेच नाही.