गाडी उघडी केली तेव्हा

आमच्या घाटकोपरच्या इमारतीच्या जिन्याखाली पाच वर्षे एक मोटारसायकल ताडपत्रीखाली उभी होती. हिरो होंडा करिझ्मा, २०१० सालची. २०१३ साली ऑफिसच्या पतपेढीतून कर्ज काढून मी ती सेकंडहँड घेतली होती. त्या वेळी आमच्या विहारातले आम्ही सात-आठजण दरवर्षी २० मार्चला गाड्या काढून महाडला जायचो. १ जानेवारीला भीमा कोरेगाव. एकदा तर अशोक विजयादशमीला थेट नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो. लांबच्या प्रवासाला करिझ्मा चांगली. २२३ सीसीचे इंजिन, बसायला ऐसपैस आणि पुढे ते मोठे प्लॅस्टिकचे आवरण. त्याला फेअरिंग म्हणतात. समोरचा वारा ते दोन्ही बाजूंना फेकते, त्यामुळे छातीवर मारा होत नाही आणि चार तास गाडी चालवली तरी मान भरून येत नाही.

२०१८ साली महाडहून परत येताना माणगावच्या पुढे कुत्रे आडवे आले आणि गाडी घसरली. मला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, पण फेअरिंगचे तुकडे झाले. एका गॅरेजवाल्याने नवे प्लॅस्टिक बसवून दिले, रंग मारला आणि गाडी परत चकचकीत झाली. पुढे दोन वर्षे चालवली. २०२० च्या लॉकडाऊनला जी उभी राहिली ती राहिलीच.

२०२५ साली नोंदणीला पंधरा वर्षे पूर्ण झाली. आता वडाळ्याच्या आरटीओत नेऊन, तपासणी करून, पर्यावरण कर भरून नोंदणी पुढे वाढवायची, नाहीतर भंगारात काढायची. भंगारवाला येऊन किंमतही सांगून गेला होता. मी जवळजवळ हो म्हटले होते.

त्या रात्री जेवताना थोरला म्हणाला, “पप्पा, भंगारात देऊ नका. मला द्या. मी तिला नेकेड करतो.”

त्याच्या आईची पोळी तव्यावरच राहिली. “काय करतोस?”

मग त्याने समजावून सांगितले. नेकेड म्हणजे उघडी गाडी. फेअरिंग काढून टाकायचे, इंजिन आणि चॅसी दिसू द्यायची, पुढे साधा गोल दिवा लावायचा. मी म्हणालो, यात नवीन काय? आमच्या लहानपणी राजदूत, येझदी, बुलेट सगळ्या उघड्याच होत्या. तो हसला. पण त्याचे म्हणणे खरे होते. परदेशात सगळ्या अंगाला प्लॅस्टिक असलेल्या वेगाच्या गाड्या आल्या, तेव्हा पडझडीनंतर ज्यांना महागडे फेअरिंग परत घेणे परवडत नव्हते ती पोरे गाडी तशीच उघडी चालवू लागली. त्यातूनच पुढे फॅशन झाली. १९९३ साली इटलीच्या डुकाटी कंपनीने ‘मॉन्स्टर’ नावाची उघडी गाडी बाजारात आणली आणि ती अनेक वर्षे भरपूर खपली.

इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. आमचा थोरला आयटीआयला मोटार मेकॅनिकचा ट्रेड करतो. बारावीला मार्क कमी पडले म्हणून नव्हे, त्याला तेच करायचे होते. पण विहारात कोणी विचारले, “मुलगा काय करतो?” की मी म्हणायचो, “इंजिनिअरिंग साइडला आहे.” पुढचा प्रश्न येण्याआधी विषय बदलायचो. बुद्ध पौर्णिमेला, १४ एप्रिलला माईकवरून मुलांना “कलेक्टर व्हा, वकील व्हा” असे सांगणारा मी. माझाच मुलगा पाना-स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसणार, हे मला तोंडाने सांगवत नव्हते.

याला कारण माझे वडील. ते महापालिकेत सफाई खात्यात होते. संध्याकाळी घरी आले की आधी बाहेरच्या नळावर अर्धा तास हात धुवायचे, मगच आम्हाला जवळ घ्यायचे. मला म्हणायचे, “तुझ्या हाताला शाई लागू दे, बाकी काही नको.” मी बी. कॉम. झालो, क्लार्क झालो, तेव्हा त्यांनी अख्ख्या चाळीत पेढे वाटले. त्यांच्या नातवाच्या नखांत काळे ऑइल पाहिले की मला तो नळ आठवायचा.

तरी गाडी त्याला दिली. खरे सांगायचे तर भंगारातून फारसे मिळणार नव्हते.

कामाला बसण्यापूर्वी मी माझे क्लार्कचे काम केले. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ वाचले. नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या गोष्टींशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हीच गोष्ट ठणकावून सांगितली आहे. म्हणून घरात ठराव झाला: चॅसीला करवत लावायची नाही, वेल्डिंगने तिचा आकार बदलायचा नाही, इंजिन तेच, सायलेन्सर कंपनीचाच, दोन्ही मडगार्ड, आरसे, इंडिकेटर जागेवर. थोरल्याला टाकी निळी करायची होती. मलाही मनातून निळी आवडली असती. पण पुस्तकात रंग काळा लिहिला आहे, म्हणून काळीच ठेवली. यावर तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

रविवारी सकाळी जिन्याखालून गाडी बाहेर काढली. मला वाटले होते, आता हा धडाधड स्क्रू काढत सुटेल. त्याने आधी मोबाईलवर फोटो काढले. प्रत्येक वायरच्या जोडाला कागदी चिकटपट्टी लावून नंबर टाकला. घरातल्या औषधाच्या रिकाम्या डब्या आणल्या आणि कुठला बोल्ट कुठल्या डबीत ते वर लिहिले. आमच्या ऑफिसात फायली एवढ्या नीट लागत नाहीत, हे मी जबाबदारीने सांगतो.

फेअरिंग उतरले आणि आत जे दिसले त्याने माझ्या पोटात गोळा आला. आत उंदराने घर केले होते, ते सोडा. दिव्याच्या वायरी नुसत्या पिळ देऊन काळ्या टेपने गुंडाळल्या होत्या आणि एक वायर जळून तांब्यापर्यंत उघडी पडली होती. फेअरिंग ज्या लोखंडी ब्रॅकेटवर बसते त्याला तडा गेला होता, तो तारेने आवळला होता. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवले तर मधोमध येऊन ‘टक्’ करून अडकायचे. थोरल्याने माझा हात हँडलवर ठेवला आणि म्हणाला, “बघा.” कोनसेट गेला होता. म्हणजे हँडल ज्या छऱ्यांवर फिरते त्यांच्या वाट्यांना अपघाताच्या धक्क्याने खड्डे पडले होते. पुढचा एक शॉकअपही ऑइल गाळत होता.

अपघातानंतरची ती दोन वर्षे मी अशा गाडीवर याच मुलाला मागे बसवून फिरलो होतो. त्याच्या आईला भायखळ्याच्या हॉस्पिटलात भर पावसात नेले होते. गॅरेजवाल्याने वरचे प्लॅस्टिक बदलले, आतले पाहिलेच नाही आणि बिल मात्र पूर्ण घेतले. मीही चकचकीत गाडी पाहून खूष झालो होतो. बिलातल्या आकड्यांची बेरीज तपासली, गाडी तपासली नाही.

सामानासाठी आम्ही कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेलो. जुन्या पार्टच्या दुकानांच्या त्या रांगांत मी आयुष्यात कधी शिरलो नव्हतो. थोरला मात्र सराईत. गोल दिव्याचा डूम, तो शॉकअपच्या नळ्यांना पकडणाऱ्या दोन पट्ट्या, नवा कोनसेट, ऑइल सील, फ्लॅशर, रबरी नळी. एका चाचांनी दिलेला डूम त्याने हातात घेतला, आतल्या काचेवर फुंकर मारली आणि परत दिला. “चाचा, रिफ्लेक्टर गेलाय.” चाचांनी मुकाट्याने दुसरा काढला. मी मागे पिशवी धरून उभा. नव्या फेअरिंगच्या सेटला जेवढे पैसे सांगितले होते, त्याच्या निम्म्यात हे सगळे बसले. हिशेब मी वहीत लिहिला आहे.

पुढचे तीन रविवार काम चालले. माझे काम बॅटरी धरण्याचे आणि चहा आणण्याचे. पहिला रविवार कार्ब्युरेटरमध्ये गेला. पाच वर्षांचे पेट्रोल आत सुकून त्याचा चिकट राळेसारखा थर झाला होता. जेटच्या भोकातून उजेड दिसेपर्यंत तो फुंकत बसला. सगळ्यात कटकटीचे काम वायरिंगचे. फेअरिंगमध्ये पुष्कळ जागा असते, तिथे वायरींचे सगळे जोड लपून जातात. उघड्या गाडीला लपवायला जागा नाही. जे जोड पूर्वी मोठ्या पोकळीत होते ते एवढ्याशा डूममध्ये बसवायचे, तेही हँडल दोन्ही टोकांना फिरवले तरी ताण येता कामा नये आणि पावसाचे पाणी आत जाता कामा नये. फेअरिंगमधला दिवा चॅसीला पक्का असतो, हँडल वळवले तरी तो समोरच पाहतो. आता दिवा हँडलबरोबर वळणार. म्हणून प्रत्येक वायरीला थोडी ढील ठेवावी लागते. त्याने आठ वेळा वायरी बसवल्या आणि काढल्या. मी म्हणालो, “राहू दे रे, चालेल.” तो म्हणाला, “चालेल म्हणूनच तर जळाली होती ना?”

विहारातली माणसे येता-जाता थांबत. एक ज्येष्ठ उपासक माझ्याकडे पाहून म्हणाले, “अरे, मुलगा इंजिनिअरिंगला ना?” मी बॅटरी धरून तसाच उभा. थोरल्याने खाली मान घालूनच उत्तर दिले, “आयटीआय, बाबा. मोटार मेकॅनिक.” ते “बरं बरं” म्हणाले. मग वाकून पाहिले, दोन प्रश्न विचारले आणि आपल्या नातवाच्या स्कूटरचा सेल्फ लागत नाही म्हणून बोलावून गेले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझे आजोबा मंडणगडकडून मुंबईला येऊन गिरणीत रिंगखात्यात लागले. साचेखात्यात पगार जास्त, पण तिथे आपल्या माणसाला घेत नसत. का, तर धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि आपल्या माणसाची थुंकी लागलेला धोटा सवर्ण विणकराला चालत नसे. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढाऱ्यांपुढे उभा केला होता. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले, तेव्हा सरकारला दिलेल्या निवेदनात आपल्या मुलांना सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवार म्हणून घ्यावे, अशी मागणी त्यांनी केली. मी हे वर्षावासात दोनदा तरी बोललो आहे. टाळ्या घेतल्या आहेत. ज्या कामाच्या दारातून माझ्या आजोबांना परत पाठवले ते कसबाचे काम होते. माझ्या वडिलांच्या हातात जे दिले ते जन्मावरून दिलेले होते. मी दोन्हीला एकाच नळाखाली धूत होतो.

हे मी थोरल्याला बोलून दाखवलेले नाही. असे बोलायला गेलो की माझे भाषण होते, आणि तो उठून जातो.

दिव्याचा झोत आम्ही रात्री गल्लीतल्या भिंतीवर पाहिला. खडूने रेघ मारली, दोघे गाडीवर बसलो आणि झोत रेघेच्या खाली येईपर्यंत डूम वाकवला. शेजारच्या मावशी खिडकीतून ओरडल्या. उच्च सुरक्षा नंबरप्लेट आधीच बसवली होती. आरटीओत तपासणीला गाडी थोरल्यानेच नेली, मी ऑफिसातून अर्धी रजा टाकून मागे बसलो. साहेबांनी चॅसी नंबर पाहिला, दिवा, हॉर्न, ब्रेक पाहिले, पुस्तकाशी रंग पडताळला. काळी टाकी. मी थोरल्याकडे पाहिले, त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

परत येताना पूर्व द्रुतगती मार्गावर त्याने जरा वेग धरला. साठच्या पुढे वारा थेट अंगावर येतो, शर्ट फुगतो, मागे बसलेल्याच्याही डोळ्यांत पाणी येते. ज्यांना लांब जायचे आहे त्यांनी फेअरिंग काढू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. महाडचे पावणेदोनशे किलोमीटर या गाडीवर पूर्वीसारखे सोपे जाणार नाहीत. पण एल.बी.एस. रोडच्या गर्दीत, तिशीच्या वेगात, त्या प्लॅस्टिकचा उपयोग गुडघे भाजण्यापलीकडे नव्हता. आता गाडी हलकी वळते आणि हँडल मधोमध अडकत नाही.

जुन्या फेअरिंगचा मोठा तुकडा अजून आमच्या कपाटावर आहे. त्यावर पंचशील ध्वजाचे स्टिकर आहे आणि पांढऱ्या रंगात ‘जयभीम’ लिहिलेले आहे. ज्या मित्राने ते लिहिले तो २०२१ च्या कोरोनात गेला. पत्नी दर रविवारी झाडताना विचारते, “हे कधी टाकायचे?” मी म्हणतो, “बघू.” मागच्या रविवारी थोरल्याने ते खाली घेतले, फडक्याने पुसले आणि परत वर ठेवले.