करंजाच्या पाठीवरचं ऊन

राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीतला करंज गेल्या वर्षी निम्मा उघडा पडला. तारांना लागतोय म्हणून नैऋत्येकडच्या फांद्या सपासप उतरवल्या. आम्ही बघत उभे. वर नोव्हेंबरात मंडळाच्या पोरांबरोबर मीच उरलेला पांढरा ऑइलपेंट बुंध्याला तीन फूट फासला. झाड नीटनेटकं दिसावं म्हणून! फोटो टाकला, लाईकपण घेतले.

फेब्रुवारीत पेंटच्या वरची साल काळपट पडून भेगाळली. मार्चात टकटक केलं तर पोकळ वाजली. आत खोडकिड्याचा भुसा.

कागलचे मामा आले होते. म्हणाले, "जन्मभर सावलीत वाढलेलं खोड एकदम उन्हात उभं केलंसा, भाजणार न्हाई तर काय?"

थंडीतलं ऊन कोवळं, ही आपली समजूत. पण डिसेंबरात कोल्हापुरात सूर्य भर दुपारीसुद्धा डोक्यावर येत नाही, दक्षिणेला 50 अंशांच्या आसपासच राहतो. मग तिरपं ऊन शेंड्याखालून थेट बुंध्यावर. थंड देशांत दिवसा तापलेली साल रात्री गोठून फाटते. आपल्याकडं गोठत नाही, पण फांद्या गेल्यावर उघडी पडलेली साल नुसत्या उन्हानं भाजते, आणि ते कळतं काही महिन्यांनी.

मामा आंब्याला करतात ते सोपं आहे. विझवलेला चुना पाण्यात दाट कालवायचा, चिकटायला थोडा डिंक, आणि पहिल्या फांदीपर्यंत सगळं खोड रंगवायचं. रस्त्याकडेचे गेरू-चुन्याचे पट्टे गाडीवाल्याला रात्री झाड दिसावं म्हणून असतात, त्यांनी वरची साल वाचत नाही. छाटलेल्या जागी बोर्डो पेस्ट : 1 किलो मोरचूद 5 लिटर पाण्यात, 1 किलो चुना दुसऱ्या 5 लिटरमध्ये, मग दोन्ही एकत्र. बादली प्लास्टिकचीच, लोखंडी मोरचूद खातंय. मोरचूद विषारी आहे, पोरांना लांब ठेवा. ऑइलपेंट मात्र नको.

आणि हो, 1975 च्या आपल्या राज्याच्या झाडं जतन कायद्यात 'झाड तोडणे' याच्या व्याख्येत जाळणं आणि कसलीही इजा करणंसुद्धा येतं. बुंध्याशी कचरा पेटवणाऱ्यांनी आणि खिळे ठोकून क्लासचे बोर्ड लावणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

करंज अजून उभा आहे. पूर्वेकडून पालवी फुटली आहे, पश्चिमेची जखम हातभर आहे. रविवारी सकाळी 7 ला गल्लीतल्या बाकीच्या पाच झाडांना चुना मारणार आहे. चुना, डिंक माझ्याकडं आहे. शिडी कुणाकडं असली तर सांगा.