दप्तरातलं भांडण

अर्जुनी-मोरगाव, जि. गोंदिया
जानेवारी २०२६

चि. बाबूस,


तू पाठवलेला निरोप तुझ्या आईने मला दोनदा ऐकवला. इराकमधल्या किरकुकच्या कामावर माणसाचं नाव विचारायच्या आधी तो कुर्द, अरब की तुर्कमान ते विचारतात, आणि हे सगळं जमिनीखालच्या तेलापायी, असं तू म्हणतोस. पुढे म्हणतोस, आपल्या जिल्ह्यात खाली तेल नाही ते एका परीने बरंच झालं. पहिल्या वाक्यावर माझं काही म्हणणं नाही. दुसऱ्यावर आहे, आणि ते फोनवर सांगण्यासारखं नाही. फोनवर तू "हो मामाजी, हो मामाजी" करतोस आणि मागे मशीन चालू असते.

माझी सगळी नोकरी तलाठ्याची. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नाव लांबलं, काम तेच. त्यामुळे जगातल्या कुठल्याही भांडणाची बातमी वाचली की माझं लक्ष आधी एकाच गोष्टीकडे जातं. नोंद कोणाच्या नावाने आहे, ती कोणी केली, आणि कोणाचं नाव कमी करून केली? धर्म, देश, तेल हे सगळं खरं असतं, त्यासाठी माणसं खरोखर मरतात. पण भांडण पन्नास-शंभर वर्षं मिटत का नाही हे पाहायचं तर दप्तर उघडावं लागतं.

तुझं किरकुकच घे. बाबा गुरगुरच्या विहिरीतून १९२७ साली तेल उसळलं. किरकुकसह मोसूलचा तो मुलूख तुर्कस्तानचा की इराकचा, हा वाद त्याआधीच लीग ऑफ नेशन्सपर्यंत जाऊन इराकच्या बाजूने निकाली निघाला होता. तेलाचा वास तेव्हाही सगळ्यांना होता, ते मी नाकारत नाही. पण पुढचं बघ. बगदादच्या राजवटीने कुर्द आणि तुर्कमान कुटुंबं तिथून हलवली, दुसरीकडची अरब कुटुंबं आणून बसवली, प्रांताच्या हद्दी फिरवल्या. १९९० च्या दशकात तर 'आम्ही अरब आहोत' असे अर्ज लोकांकडून भरून घेतले. सद्दाम गेल्यावर २००५ च्या राज्यघटनेत कलम १४० आलं: हलवलेल्यांना परत आणा, शिरगणती करा, मग किरकुक कोणाचं ते मतदानाने ठरवा, आणि हे सगळं ३१ डिसेंबर २००७ च्या आत. ते मतदान आजवर झालेलं नाही. कोणाची किती वस्ती होती हा वाद निघाला की लोक अजून १९५७ ची शिरगणती काढून दाखवतात, कारण नंतरच्या आकड्यांवर सगळ्यांचा भरवसा नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये देशभर शिरगणती झाली खरी, पण कुर्द की अरब हा प्रश्नच तिच्यातून गाळला. तेलाचं एकेक पिंप मोजणाऱ्या सरकारला हा रकाना ठेवायची हिंमत झाली नाही.

आता आपल्याकडचं. आशियातल्या दोन मोठ्या भांडणांची शेवटची टोकं आपल्या एका तालुक्यात येऊन पडली आहेत, हे तुला कोणी शाळेत सांगितलं नसेल.

गोठणगाव-प्रतापगडच्या बाजूचा तिबेटी कॅम्प तू लहानपणापासून पाहिलास. नोर्ग्येलिंग त्याचं नाव. १९७२ साली ती वसाहत झाली तेव्हा आपला जिल्हा भंडारा होता. १९५९ च्या मार्चमध्ये ल्हासात उठाव झाला, महिना संपता संपता दलाई लामा सरहद्द ओलांडून भारतात आले, मागोमाग हजारो माणसं. याक राखणारी, बर्फात वाढलेली ही माणसं फिरत फिरत आपल्या झाडीत, धानाच्या बांधीत येऊन बसली. मे महिन्यात आपलाच जीव इथे नकोसा होतो, त्यांचं काय झालं असेल! पण त्यांनी धान शिकून घेतलं. हिवाळ्यात तरणी माणसं स्वेटर विकायला शहरात जातात, म्हातारी घर राखतात.

त्यांच्याकडे जो कागद असतो त्याला आरसी म्हणतात. परदेशी म्हणून झालेल्या नोंदणीचं ते प्रमाणपत्र. मुदत संपली की नूतनीकरण. कॅम्पमधल्या तुझ्या वयाच्या पोरांनी तिबेट पाहिलेला नाही, मराठी तुझ्यासारखीच बोलतात, आणि कागदावर परदेशी. जमीन कसतात, पण तिचे मालक नाहीत. २०१४ च्या केंद्राच्या पुनर्वसन धोरणात राज्यांनी अशा वसाहतींना २० वर्षांचे पट्टे रीतसर लिहून द्यावेत असं ठरलं.

आता कायदा बघ. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० रोजी किंवा नंतर आणि १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच भारतीय. २०१० साली दिल्ली हायकोर्टाने नामग्याल डोलकर या तिबेटी तरुणीच्या प्रकरणात ते मान्य केलं. २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने अशा तिबेटींची नावं मतदारयादीत घ्या म्हणून सांगितलं. मग सगळे धावले का? नाही. २०१७ साली पासपोर्टसाठी ज्या अटी पुढे आल्या त्यांत आरसी परत करणं तर होतंच, शिवाय तिबेटी वसाहतीत राहायचं नाही, हेही होतं. भारतीय व्हायचं तर घर सोडा! पण ती अट नसती तरी कॅम्पमधले जुने लोक पुढे आले असते असं मला वाटत नाही. तिथल्या एका आजोबांशी माझी चांगली ओळख होती. त्यांना मी विचारलं होतं, एवढी वर्षं इथे गेली, आता नाव का चढवून घेत नाही? ते म्हणाले, नाव चढलं तर मी परत कशाच्या जोरावर मागू?

यावर मी बरेच दिवस विचार करत होतो. माझ्या टेबलासमोर आयुष्यभर जी रांग लागली ती नाव चढवायला. वारसाचं, बायकोचं, खरेदीदाराचं. इथे एक माणूस नाव चढू न देण्यात आपला देश राखून होता. कोणतीही सरहद्द त्याच्या हातात नव्हती, लष्कर नव्हतं. होता तो परका असल्याचा दाखला, आणि तो त्याने जपून ठेवला होता. बाबू, राष्ट्र म्हणजे काय यावर भाषणं मी पुष्कळ ऐकली. त्या आरसीपुढे ती सगळी मला पातळ वाटतात.

पलीकडचं सरकारही काही कमी नाही. २००७ साली चीनने नियम काढला की सरकारी मंजुरीशिवाय कुठल्याही लामाचा पुनर्जन्म धरला जाणार नाही. देवधर्म न मानणारा पक्ष पुनर्जन्माचे फेरफार मंजूर करतो, हे वाचून मला तर आपल्याच खात्यातल्या कुणी साहेबाने मसुदा केला असावा असं वाटलं. पण यात हसण्यासारखं फार नाही. मे १९९५ मध्ये दलाई लामांनी ज्या सहा वर्षांच्या मुलाला पंचेन लामा म्हणून ओळखलं, तो काही दिवसांतच नेला गेला आणि आजवर लोकांसमोर आलेला नाही. २०२५ च्या जुलैत नव्वदी पुरी करताना दलाई लामांनी सांगितलं की परंपरा चालू राहील आणि पुढचा कोण हे त्यांचा गादेन फोद्रांग ट्रस्टच ठरवील. बीजिंगने लगेच अठराव्या शतकातला सोन्याचा कलश पुढे केला. त्यातून चिठ्ठी निघेल आणि आम्ही मान्य करू तोच खरा. हा सरळ वारसाचा वाद आहे. एवढंच, की मृत्युपत्र करणारा अजून हयात आहे आणि वारसही तोच असणार आहे.

दुसरं टोक अरुणनगर, गौरनगर, दिनकरनगरचं. तुझी आई ज्यांच्याकडून मासळी घेते ती बंगाली माणसं. फाळणीपासून पूर्व पाकिस्तानातून लोंढे येतच होते. १९६३ च्या डिसेंबरअखेर श्रीनगरच्या हजरतबलमधला पैगंबरांचा पवित्र केस नाहीसा झाला. तो आठवड्याभरात सापडलाही, पण तोवर पार खुलन्यात दंगल पेटली होती. ज्यांनी काश्मीरचं नाव ऐकलं असलं तर असेल, असे नमःशूद्र शेतकरी आणि मच्छीमार घरंदारं टाकून निघाले. अशा किती कुटुंबांचा मुक्काम रायपूरजवळच्या माना छावणीत पडला, तिथून सरकारने त्यांना दंडकारण्यात पांगवलं. विदर्भातही बंगाली निर्वासित वसले, गडचिरोलीत जास्त, आपल्याकडे थोडे.

तिबेटींचं उलटं यांचं. यांना परत जायचं नव्हतं, यांना इथलंच व्हायचं होतं, आणि झालेही. तरी कागद आडवा आलाच. पश्चिम बंगालात नमःशूद्र अनुसूचित जातीत आहेत, महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. धर्म राखायला ज्यांनी देश सोडला त्यांची जात राज्याची हद्द ओलांडताना गळून पडली. म्हणजे वाट्याला यायची ती हेटाळणी आली, पण दाखला नाही. सरकारने दिलेली जमीन बहुधा भोगवटादार वर्ग-२ ची, विकायची तर परवानगी काढा. त्यांची पोरं तुझ्यासारखीच शिकली. पण अर्जातला जातीचा रकाना आला की पेन थांबतो.

आणि या सगळ्यांच्या आधीपासून जे इथे आहेत त्यांची नोंद कुठेच नव्हती, कारण नोंद करणारे त्यांच्या नंतर आले. सालेकसा, देवरीकडच्या गोंडांचं म्हणतोय. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन वनखात्याच्या नकाशावर जंगल, आणि कसणारा अतिक्रमणदार. दर्रेकसाच्या जंगलात नक्षल्यांना पाय ठेवायला जागा मिळाली ती नुसत्या पुस्तकी विचारांमुळे मिळाली नाही. २००६ चा वनहक्क कायदा आला, तेव्हा त्याखालचा एक नियम मी पुन्हा पुन्हा वाचला: गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाबही पुरावा धरला जाईल. म्हातारीने सांगितलं की या मोहाखाली माझ्या सासऱ्याची बांधी होती, तर ते लिहून घ्यायचं. उभ्या नोकरीत मला एवढा आवडलेला दुसरा नियम नाही. पण याच कायद्यात आदिवासी नसलेल्याला तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. अरुणनगरचा माणूस जंगलालगत कितीही राबला तरी त्यात बसत नाही. एकाला न्याय मिळाला त्याच ओळीत दुसऱ्याचं दार लागलं. दोघेही गरीब, दोघेही खरे. अशा जागी कोणी पुढारी येऊन काडी टाकली की पुढचं सांगायला नको.

पुढच्या पंधरवड्यात माघ पौर्णिमेला कचारगडची यात्रा. दर्रेकसाजवळच्या त्या गुहेकडे महाराष्ट्र, छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातून गोंड समाज येतो. पारी कुपार लिंगोने कोया पूनेमची शिकवण दिली ती इथे, ही त्यांची श्रद्धा. मोतीरावण कंगाली यांनी त्यावर आयुष्यभर लिहिलं. यात्रेत अलीकडे एक मागणी दरवर्षी ऐकू येते, शिरगणतीत आमच्या धर्माला वेगळा रकाना द्या. इंग्रजांच्या काळी आदिवासी धर्म वेगळा मोजत, स्वातंत्र्यानंतर तो रकाना गेला. २०११ साली 'इतर' मध्ये जवळपास ५० लाख लोकांनी सरना आणि दहा लाखांवर लोकांनी गोंडी लिहिलं. झारखंड विधानसभेने २०२० मध्ये सरनासाठी ठराव केला. दुसरीकडे धर्म बदललेल्या आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतूनच काढा म्हणणारे मोर्चेही निघतात. २०२७ च्या शिरगणतीत जात विचारणार आहेत. धर्माचा रकाना काय होतो ते बघायचं. किरकुकात रकाना काढला म्हणून भांडण, इथे रकाना नाही म्हणून.

आमगावचं तर ऐकलंच असशील. नगर परिषद की नगर पंचायत हा खटला वर्षानुवर्षं अडकला, निवडणूक नाही, विकासकामं नाहीत. शेवटी २०२२ च्या डिसेंबरात तिथल्या आठ गावांतून आवाज उठला, आम्हाला मध्य प्रदेशात घाला. तिकडे बेळगावसाठी सभागृहात आरडाओरड चालू होती आणि इकडे ही माणसं स्वतःहून निघाली होती. त्या आठांत पदमपूर आहे. भवभूतीने आपलं घराणं विदर्भातल्या पद्मपूरचं सांगितलं, ते हेच असं मिराशींसारख्या पंडितांचं मत. म्हणजे जाताना भवभूतीलाही घेऊन गेले असते! अस्मिता अशी असते बाबू. रस्ता आणि नळ वेळेवर मिळाला की महाराष्ट्रधर्म, नाही मिळाला की बालाघाट जवळ.

महाशिवरात्रीला मी प्रतापगडला जाईन. तिथे महादेवही आहे आणि दर्गाही, लोक दोन्हीकडे जातात. दरवर्षी त्यावर ऐक्याचे लेख येतात. मी लेख लिहीत नाही. मी एवढंच बघतो की दोन्हीकडची वाट अजून मोकळी आहे की कोणी मोजणीचा अर्ज टाकलाय.

आता घरचं. तुझ्या धाकट्या मामाने हक्कसोडपत्राचा मसुदा करून आणलाय. सही करू नको, असं मी तुझ्या आईला सांगितलं. वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीत तिचा हक्क आमच्याइतकाच आहे. धाकटा म्हणतो, बहिणीने हिस्सा घेतला की माहेर तुटतं. तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही, पण उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकायला माझाच ट्रॅक्टर घेऊन गेला, तेव्हा फार काळजी करू नकोस आणि त्याला फोनवर काही बोलूही नकोस. वारसाच्या फेरफारात तिचं नाव लागलं आहे. वाटणीचा अर्ज कलम ८५ खाली तहसीलला द्यायचा. अडचण एवढीच की सातबाऱ्यावर तिचं माहेरचं नाव आहे आणि आधारवर सासरचं. दोन्ही बाया एकच, असं प्रतिज्ञापत्र करावं लागेल, त्याला तिचा शाळा सोडल्याचा दाखला पाहिजे. तो तुझ्या पत्र्याच्या पेटीत आहे असं ती म्हणते. किल्ली कुठे ठेवून गेलास ते लगेच कळव, नाहीतर कुलूप तोडतो.

तुझा,
मामाजी