कुटुंबप्रमुखाचा रकाना

दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला की बहुतेकांना हिटलर, चर्चिल, हिरोशिमा ही नावे आठवतात. मला आठवते ती शिधापत्रिका. माझा जन्म १९६० चा, म्हणजे युद्ध संपून पंधरा वर्षे झाली होती. तरीही शासकीय सेवेतील पुष्कळशी वर्षे मी त्या युद्धाच्याच एका अपत्याची निगा राखण्यात घालवली, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले.

मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या हाती पडले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ येणे थांबले. त्यात लष्करासाठी होणारी खरेदी, चलनाची वाढ आणि साठेबाजी यांची भर पडून धान्याचे भाव भडकले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे दगावली, असे अनेक अभ्यासक मानतात. त्याच वर्षी मुंबईत रेशनिंग सुरू झाले आणि हळूहळू इतर शहरांत पसरले. आमच्या आजीच्या बोलण्यात ‘कंट्रोल’ हा शब्द तेव्हा शिरला, तो अखेरपर्यंत राहिला. १९४० मध्येच रुपयातील चांदी निम्म्यावर आली होती. १९४३ मध्ये भोकाचा पैसा निघाला. सप्टेंबर १९४२ पासून तीन वर्षांहून अधिक काळ देशातील घड्याळेसुद्धा एक तास पुढे होती. तोफेचा आवाज ज्यांनी कधी ऐकला नाही, त्यांच्या चुलीपर्यंत आणि झोपेपर्यंत युद्ध असे येऊन पोहोचले होते.

आम्हा बेळगावकरांचे या युद्धाशी आणखी एक नाते आहे. मराठा पलटणीचे केंद्र आमच्याच गावात. या पलटणीच्या यशवंत घाडगे यांना १९४४ मधील आणि नामदेव जाधव यांना १९४५ मधील इटलीतल्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पैकी घाडगे यांना तो मरणोत्तर. ही नावे आम्ही अभिमानाने घेतो. मात्र जे परतले नाहीत आणि ज्यांना पदकही मिळाले नाही, त्यांच्या घरांचे पुढे काय झाले, हा प्रश्न मला नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका दुपारी भेटला आणि मी त्याला परत पाठवले.

साल १९८७ असावे. साठीच्या घरातील एक बाई कचेरीत आल्या. दिराच्या कार्डावरून नाव कमी करून त्यांना स्वतंत्र शिधापत्रिका हवी होती. मी पतीच्या मृत्यूचा दाखला मागितला. पती १९४३ च्या अखेरीस इटलीत सांग्रो नदीच्या लढाईत गेला होता. पलटणीचा कागद सासऱ्यांकडे आला होता, तो वाळवीने केव्हाच खाल्ला होता. दाखल्याशिवाय काम होणार नाही, असे मी सांगितले. त्या शांतपणे म्हणाल्या, “सायब, इटलीतल्या कुठल्या गावाचा दाखला आणू?”

कारकून हसले. मीही हसलो, हे आज लिहिताना जड जाते. पंचांसमक्ष जबाब घेऊन मला ते प्रकरण मार्गी लावता आले असते. नियम आड येत नव्हता, आड येत होती नव्या अधिकाऱ्याची भीती. “पुढच्या आठवड्यात या,” असे मी म्हणालो. त्या पुन्हा आल्या नाहीत. त्यांचा पत्ताही मी टिपून ठेवला नव्हता.

पुढे वाचनात आले की सांग्रो नदीकाठच्या युद्धस्मशानात, ज्यांच्या देहांना अग्नी दिला गेला अशा पाचशेहून अधिक भारतीय सैनिकांची नावे स्मारकावर कोरलेली आहेत. त्या बाईंच्या पतीचे नाव कदाचित त्यांत असेल. परक्या मुलखातील दगडाने त्याची नोंद ठेवली असेल. त्याच्या पत्नीची नोंद एका साध्या कागदावर करण्याचे काम माझे होते, आणि ते मी केले नाही. तिचा माणूस नेणारे युद्ध आणि मी अडवून धरलेले कार्ड यांचा उगम एकच होता, हे तेव्हा मला माहीत नव्हते. बाईंना ते माहीत असण्याची गरज नव्हती. त्यांनी ते भोगले होते.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातील अठरा वर्षांवरील ज्येष्ठ स्त्रीलाच शिधापत्रिकेपुरते कुटुंबप्रमुख मानले. सेवेच्या अखेरच्या वर्षांत अशा किती तरी पत्रिकांवर मी सही केली. दर वेळी पहिल्या रकान्यातील बाईचे नाव मी वाचत असे आणि मगच लेखणी टेकवत असे.