एका डावाची मेहनत

दौंड हे गाव बहुतेकांनी रेल्वेच्या खिडकीतूनच पाहिलेले असते. पुण्याहून सोलापूरच्या दिशेने 75 किलोमीटरवर हे जंक्शन लागते. इथून एक फाटा बारामतीला जातो आणि दुसरा भीमेचा पूल ओलांडून नगर-मनमाडकडे. मनमाडचा मार्ग 1878 साली सुरू झाला. पुण्याहून तिकडे जाणाऱ्या गाड्यांचे इंजिन वर्षानुवर्षे इथे एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला जोडत असत. तेवढ्या वेळात प्रवासी चहा पिणार, बाटलीत पाणी भरून घेणार आणि पुढे निघणार. गावात उतरून फिरावे असे सहसा कोणाला वाटत नाही.

आम्ही मात्र इथे फजरनंतर फिरायला सांगू. या वेळचे दौंड वेगळेच असते. राज्य राखीव पोलीस बलाचे गट क्रमांक 5 आणि 7 इथे आहेत आणि जवळच नानवीजला प्रशिक्षण केंद्र आहे. त्यामुळे 'भरती' हा शब्द या भागात लहान मुलालाही कळतो. उजाडायच्या आत रस्त्याच्या कडेने मुले धावताना दिसतात. राखीव बलाच्या मैदानी चाचणीत पाच किलोमीटर धावण्याला 50 गुण आणि 100 मीटर धावणे व गोळाफेकीला प्रत्येकी 25 गुण असतात. कोणाचे वडील रेल्वेत, कोणाचे उसाच्या फडात, कोणाचे बाजारात फळांच्या गाडीवर. टोपी घातलेली, मशिदीतून थेट मैदानावर आलेली मुलेही त्यांत असतात.

याच वेळी तालुक्यातल्या एका जुन्या तालमीत आम्ही काही सकाळी बसलो. पत्र्याचे छप्पर, भिंतीला टेकवलेली फावडी आणि मधोमध लाल मातीचा हौद. मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घातलेले. मेहनतीची सुरुवात ती माती उकरण्यापासून होते. भिंतीवर मारुतीची तसबीर आहे. हिंदू मुले तिला नमस्कार करून मातीत उतरतात, आपली मुले बिस्मिल्लाह म्हणून उतरतात. कोणी कोणाला काही विचारत नाही. माती एकमेकांच्या अंगाला मात्र सगळेच लावतात, हाताची पकड निसटू नये म्हणून.

वस्ताद साठीच्या पुढचे. त्या दिवसांत ते बारा-तेरा वर्षांच्या सहा मुलांना एकेरी पट शिकवत होते. पाहणाऱ्याला हा डाव क्षणाचा वाटतो: पैलवान खाली झुकला, समोरच्याचा एक पाय धरला आणि त्याला पाडला. वस्तादांनी त्याचे तुकडे केले होते. आधी पवित्रा: गुडघे वाकलेले, पाठ ताठ, कोपरे बरगड्यांजवळ. मग खडाखडी, म्हणजे हातांनी हात अजमावत समोरच्याचे वजन पुढच्या पायावर येऊ देणे. मग कमरेत न वाकता गुडघ्यांतून खाली जाणे आणि त्याच ओघात आपला पाय त्याच्या पायाजवळ टाकणे. मग दोन्ही हातांचा विळखा त्याच्या गुडघ्यामागे, डोके त्याच्या अंगाला घट्ट चिकटलेले, नजर वर. शेवटी पाय छातीशी उचलून अंग वळवणे.

पहिले कित्येक दिवस मुलांना हा शेवटचा तुकडा करूच दिला नाही. फक्त खाली जायचे, पाय धरायचा, सोडायचा, पुन्हा उभे राहायचे. उजवीकडून पन्नास, डावीकडून पन्नास. एका मुलाची मान सारखी खाली जायची. वस्ताद दर वेळी हनुवटीला दोन बोटे लावून ती वर करीत आणि म्हणत, "खाली बघशील तर तो वरून बसंल. पुन्हा." आवाज चढत नसे. 'पुन्हा' हा एवढाच शब्द सकाळभर ऐकू येई.

एका मुलाने विचारले, "वस्ताद, ढाक कधी शिकवणार?" ते हसून म्हणाले, "पट विसरलास की." मुलाला ते कळले नाही. आम्हालाही कळायला दोन दिवस लागले. डाव आठवावा लागतो तोवर तो आलेला नसतो. मैदानात समोरचा विचार करायला वेळ देत नाही. त्याचे वजन पुढे आले हे डोक्याला कळायच्या आत गुडघ्यांना कळले पाहिजे. त्यासाठी आधी जोडीदार विरोध न करता उभा राहतो, मग थोडा विरोध करतो आणि मग लढतीत पूर्ण ताकद लावतो. यात त्या जोडीदाराचे मोल मोठे. एकाचा डाव पक्का होण्यासाठी दुसरा शेकडो वेळा आपला पाय देतो, पडतो आणि तक्रार न करता उठतो. उद्या पाळी उलटी असते.

उर्दू शिकवताना आम्हाला तालमीतल्या शब्दांची नेहमी गंमत वाटते. पैलवान, कुस्ती, जोर, खुराक हे फारसीतून आलेले. वस्ताद म्हणजे उस्ताद. मेहनत अरबी, हौदही अरबी. खुद्द 'तालीम' म्हणजे शिक्षण. उर्दूत ती मदरशात आणि शाळेत मिळते, मराठीत आखाड्यात. व्यायामाची 'कसरत' उर्दूत सीनने लिहितात आणि विपुलता या अर्थाची 'कसरत' से ने. पण पहिलीचे मूळ दुसरीत असावे असे कोशकार मानतात. म्हणजे पुष्कळ वेळा करणे हाच कसरतीचा अर्थ होतो.

आपल्या घरांना ही रीत परकी नाही. हिफ्ज करणारे मूल रोजचा नवा सबक तर घेतेच, पण त्याहून अधिक वेळ जुने पारे फिरवण्यात घालवते. ते फिरवणे थांबले की पाठ केलेले निसटते. अल्लाहला प्रिय कर्म ते, जे थोडे असले तरी नियमित केले जाते, या आशयाची हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. रुकाना या मक्केतल्या बलवान मल्लाला प्रेषितांनी (स.) कुस्तीत चीत केल्याची रिवायतही येते. आणि खरा बलवान दुसऱ्याला लोळवणारा नसून रागाच्या वेळी स्वतःला आवरणारा असतो, ही शिकवण तर सर्वांना ठाऊक आहे. तालमीत तिचा अर्थ डोळ्यांना दिसतो. चिडलेला मुलगा पट काढताना हमखास कमरेत वाकतो आणि तिथेच सापडतो.

पालकांचे प्रश्न खरे आहेत. एक प्रश्न सतरचा. बहुसंख्य फुकहांच्या मते पुरुषाने नाभीपासून गुडघ्यापर्यंतचे अंग झाकायचे असते, आणि लंगोटात ते होत नाही. या तालमीत दोन मुले गुडघ्याखालपर्यंतची घट्ट चड्डी घालून सराव करतात. वस्तादांना आधीच सांगितले होते, त्यांनी हो म्हटले. दुसरा प्रश्न खर्चाचा. दूध, बदाम, तूप प्रत्येक घराला झेपत नाही. तिसरा प्रश्न सर्वांत अवघड: यातून मिळणार काय? इस्माईल शेख 1980 साली आणि मुन्नालाल शेख 2002 साली महाराष्ट्र केसरी झाले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण हजारांतला एखादाच तिथवर पोहोचतो. भरतीतही जागा मोजक्या आणि मुले अफाट. तालमीतून नोकरी मिळेल असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही.

मग आम्ही आपल्या मुलांना तिथे का पाठवावे म्हणतो? वर्गात आम्ही रोज पाहतो की एखादे उदाहरण पहिल्या प्रयत्नात सुटले नाही की मूल वही मिटते. 'मला येत नाही' हा निकाल ते स्वतःच देऊन टाकते. बोटाच्या एका स्पर्शाने पडदा बदलण्याची सवय लागलेल्या मुलाला एकाच गोष्टीपाशी महिनाभर थांबणे शिक्षा वाटते. तालमीत जाणाऱ्या मुलांत एक फरक आम्हाला जाणवला. चुकले की ती खोडरबर उचलतात. ती हुशार झालेली नसतात, पण चुकण्याची भीती त्यांची गेलेली असते, कारण सकाळीच ती पन्नासदा पडून आलेली असतात.

भीमाकाठच्या गावांत जत्रा-उरुसांच्या कुस्त्यांची सुरुवात रेवड्यांवरच्या लहान कुस्त्यांनी होते. मोठ्या जोडीची वाट पाहणारे लोक तेव्हा गप्पांत असतात. यंदा उरुसाला गेलात तर लवकर पोहोचा आणि त्या लहान जोड्या पाहा. एखादा पोर मान वर ठेवून, गुडघ्यांतून खाली गेला आणि पाय घेऊन उठला, तर त्या दोन क्षणांमागे किती पहाटे गेल्या असतील याचा अंदाज तुम्हाला येईल. तो हरला तरी त्याच्या पाठीवर थाप द्या. दुसऱ्या दिवशी फजरनंतर त्याला पुन्हा मातीत उतरायचे असते.