सावज आणि धीर

शिकार म्हटली कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें प्रथम बंदूक उभी राहते. लहानपणीं वाचलेल्या गोष्टींत शिकारी नेम धरतो, बार उडतो, जनावर कोसळतें आणि गोष्ट संपते. परंतु ज्यांनीं उंच डोंगरांत खरोखर शिकार केली, त्यांचीं वर्णनें वाचावीं तों निराळाच प्रकार आढळतो. बार उडाल्याची हकीकत चार ओळींत आटोपते. त्यापूर्वींचें चढणें, थांबणें, थंडींत कुडकुडत बसणें आणि रित्या हातांनीं मुक्कामावर परतणें, यांनीं मात्र पानेंच्या पानें भरलेलीं असतात. शाळेंत शिकणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना या पानांतून घेण्यासारखें पुष्कळ आहे, असें मला वाटतें. म्हणून हा विषय येथें निवडला आहे.

डोंगरांतील शिकारींत रानमेंढ्याची शिकार फार अवघड मानितात. आपल्या देशांत लडाखच्या बाजूस ‘न्यान’ आणि ‘शापू’ या रानमेंढ्यांच्या जाती आहेत. पामीरच्या पठारावरील एका जातीला मार्को पोलो या प्रवाशाचें नांव मिळालें आहे. उत्तर अमेरिकेंत रॉकी पर्वत व अलास्का या भागांत आणखी जाती आढळतात. मेंढरूं म्हटलें कीं आपल्याला धनगरामागून खालमानेनें चालणारा गरीब प्राणी आठवतो. रानमेंढा तसा नव्हे. त्याची दृष्टि अत्यंत तीक्ष्ण असते. जेथून खालची सारी दरी दिसेल अशा उघड्या उतारावर तो रवंथ करीत बसतो. कारण त्याचा शत्रु बहुधा खालून येत असतो. म्हणून शिकाऱ्याला समोरून जातां येत नाहीं. पहांटेच्या अंधारांत निघून, मोठा वळसा घालून, त्याला सावजाच्याही वर चढावें लागतें.

वर चढलें म्हणजे काम झालें असेंही नाहीं. दिवस चढूं लागला म्हणजे उन्हानें तापलेली हवा दरींतून वर येते. सायंकाळीं गार झालेली हवा उतारावरून खालीं वाहूं लागते. वरून उतरणाऱ्या शिकाऱ्याच्या तोंडावर वारा असेल तोंवर सावजाला त्याचा वास लागत नाहीं. वारा फिरला, किंवा पायाखालचा एक दगड घरंगळला, कीं सगळा कळप पलीकडच्या कड्यावर निघून जातो, आणि दुसऱ्या दिवशीं पुनः पायथ्यापासून आरंभ! वाऱ्याची ही रीत ज्यानें आधीं अभ्यासिली नाहीं, त्याच्या बळकट पायांचा व उत्तम बंदुकीचा फारसा उपयोग होत नाहीं.

परंतु धीराची सर्वांत कठीण परीक्षा याहून पुढची आहे. अलास्कांत असा नियम आहे कीं, ज्या नराच्या शिंगानें पूर्ण वळसा घेतला आहे, ज्याचीं दोन्ही शिंगें मोडलेलीं आहेत, किंवा ज्याच्या वयाचीं आठ वर्षें भरलीं आहेत, त्याचीच शिकार करावी. रानमेंढ्याच्या शिंगावर वर्षागणिक वळें उमटत जातें. तीन दिवस चढून, उपाशीतापाशी राहून, शिकारी अखेर सावजासमोर पोंचतो. दुर्बीण लावून तीं वळीं मोजतो. आणि हिशेबांत एक वर्ष कमी भरलें तर त्याला मुकाट्यानें परत फिरावें लागतें. तेथें पाहणारा दुसरा कोणी नसतो. तरीही जो परत फिरतो, तोच खरा शिकारी.

आतां वऱ्हाडांत रानमेंढा नाहीं. मग अमरावतीच्या एका शिक्षकानें हें कां लिहावें? अमरावतीहून परतवाड्याच्या वाटेला लागलें कीं उत्तरेस जी निळी रेघ दिसूं लागते, ती गाविलगडच्या डोंगरांची. अकोल्याकडील मंडळींना अकोटपलीकडे नरनाळ्याचा किल्ला दिसतो, तोही याच रांगेंतला. येथें सांबर आहे, गवा आहे, वाघ आहे. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यांचा मध्य हिंदुस्थानांतील डोंगराळ मुलखावरचा इंग्रजी ग्रंथ १८७१ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत सातपुड्यांतील गव्याच्या शिकारीचीं वर्णनें आहेत. हजार किलोंपर्यंत वजन भरणारा हा प्राणी, पण त्याचें नाक असें कीं माणसाचा वास आला कीं तो क्षणांत बांबूंच्या बनांत दिसेनासा व्हावा. त्याचा माग काढावयाचा तर वाकलेली गवताची काडी आणि उलटलेलें पान वाचतां आलें पाहिजे. आणि ही विद्या डोंगरांतील कोरकू व गोंड बांधवांपाशीं होती.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीच्या खेळाला पायबंद घातला, आणि १९७४ मध्यें मेळघाटांत व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. तें योग्यच झालें. बंदूक गेली, परंतु चालणें, थांबणें, माग वाचणें आणि वाऱ्याचें तोंड ओळखणें हें सारें राहिलें आहे. किंबहुना आपल्या डोंगरांत धीराची जी सर्वांत मोठी शिकार झाली, ती बंदुकीवांचूनच झाली. ती एका लहानशा पक्ष्याची आहे.

त्या पक्ष्याचें नांव वनपिंगळा. काँग्रेसच्या संस्थापकांपैकीं एक म्हणून ज्यांना आपण ओळखतों, ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम पक्षिशास्त्राचे मोठे अभ्यासक होते. त्यांनीं १८७३ मध्यें या पिंगळ्याचें प्रथम वर्णन केलें. पुढें जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्यानें खानदेशांत त्याचे कांहीं नमुने मिळविले. १८८४ नंतर मात्र तो कोणालाच खात्रीलायक सांपडला नाहीं. सलीम अली व अमेरिकेचे डिलन रिप्ले यांच्यासारख्यांनीं शोध केला, तोही व्यर्थ गेला. पक्षी नामशेष झाला असें पुष्कळांना वाटूं लागलें.

शोध चुकण्याचें एक कारण फार खेदजनक आहे. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश कर्नलनें, १९१४ मध्यें गुजरातेंत तापीकांठीं मांडवी येथें आपण हा पक्षी मिळविला, अशी चिठ्ठी एका नमुन्याला बांधून ठेविली होती. ती चिठ्ठी खोटी होती. नमुना डेव्हिडसनचाच, संग्रहालयांतून चोरून, नव्यानें भरून, त्यावर दुसरें गांव आणि दुसरें साल घातलेलें! त्या एका चिठ्ठीनें शोधणारांना भलत्या वाटेला लाविलें. पॅमेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीनें जुने नमुने बारकाईनें तपासून ही लबाडी उघडकीस आणिली, आणि मग बेन किंग व डेव्हिड ॲबट यांच्यासह ती भारतांत आली. पूर्वेकडील जुन्या ठिकाणीं त्यांचे कितीतरी दिवस फुकट गेले. शेवटीं ते पश्चिमेस, सातपुड्याच्या पायथ्याशीं शहाद्याजवळ आले. आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं सकाळच्या उन्हांत, एका उघड्या फांदीवर, त्यांना वनपिंगळा दिसला. ११३ वर्षांनीं! त्यांनीं त्याचें चित्रण केलें आणि त्याला तेथेंच सोडून दिलें. पुढें आपल्या मेळघाटांतही त्याची वस्ती असल्याचें आढळून आलें.

ही हकीकत मी आठवीच्या वर्गांत सांगितली, तेव्हां मुलांनीं हट्ट धरिला कीं, तो पक्षी आपणही पाहावयाचा. डिसेंबरांत चार दिवसांसाठीं आम्ही सेमाडोहच्या बाजूस गेलों. वाट दाखविण्यास एक वृद्ध कोरकू गृहस्थ होते. मुलें त्यांना आजोबा म्हणत. पहांटे पांचाला उठणें, अंधारांत चालणें, सागाच्या वनांत न बोलतां दोन दोन तास बसणें, असा क्रम होता. पहिल्या दिवशीं मुलें उत्साहांत होतीं. दुसऱ्या दिवशीं चुळबूळ सुरू झाली. तिसऱ्या सकाळीं एका फांदीवर पिंगळा दिसला. दर्यापूरकडील एका कास्तकाराचा मुलगा आनंदानें म्हणाला, “सर, हाच तो!” आजोबांनीं डोळे किलकिले करून पाहिलें आणि मान हालविली. “डोक्यावर ठिपके आहेत. हा गांवातला पिंगळा. तो नाहीं.”

चौथ्या दिवशींही तो दिसला नाहीं. परततांना नोंदवही भरावयाची होती. तोच मुलगा जवळ येऊन हळूच म्हणाला, “सर, दिसला म्हणून लिहूं या ना. कोण पाहावयास येणार आहे? शाळेंत गेल्यावर सारे हंसतील.” मीं कांहीं बोलण्यापूर्वींच आजोबा म्हणाले, “जंगल कुठें जात नाहीं, बेटा. पुढच्या सालीं ये. पण आज खोटें लिहिलें, तर पुढच्या सालीं तूं काय शोधशील?” मुलगा बराच वेळ वही धरून बसला. मग त्यानें ठळक अक्षरांत लिहिलें: “चार दिवस शोध केला. वनपिंगळा दिसला नाहीं.”

त्या वर्षीं त्याचा वार्षिक निकाल बेताचाच लागला. दर्यापूरचा तो भाग खारपाणपट्ट्यांतला; विहिरीचें पाणी खारें, शेती सगळी पावसावर. दोन हंगाम हातचे गेलेले. वडील शाळेंत आले ते मुलाला काढून नेण्यासाठींच. “एवढीं सालं घातलीं मास्तर, निंगालं काय?” असें त्यांनीं मला विचारलें. मजपाशीं सांगण्यासारखे गुण नव्हते. मीं ती नोंदवही काढून त्यांच्यापुढें ठेविली आणि सारी हकीकत सांगितली. त्यांनीं ती ओळ दोनदां वाचली. मग म्हणाले, “पोट्ट्यानं खरं लिवलं. राहू द्या याले शाळेत.”

दुसऱ्या डिसेंबरांत आम्ही पुनः गेलों. दुसऱ्याच सकाळीं, आठाच्या सुमारास, एका वठलेल्या झाडाच्या शेंड्यावर ऊन खात बसलेला पक्षी त्या मुलालाच प्रथम दिसला. तो ओरडला नाहीं. त्यानें नुसता हात वर केला, दुर्बीण लाविली, आणि आजोबांकडे पाहत राहिला. डोकें एकरंगी, ठिपक्यांवांचून. शेपटीवर रुंद पट्टे. पायांवर दाट पांढरीं पिसें. आजोबांनीं मान डोलविली, तेव्हांच मुलानें वही उघडली. वेळ, झाड, अंतर, सर्व कांहीं त्यानें टिपलें. मागील पानावरचें “दिसला नाहीं” तसेंच राहिलें. आणि त्यामुळेंच नव्या पानावरच्या “दिसला” या शब्दाला किंमत आली.

पुढें तो मुलगा पहिल्या नंबरानें पास झाला, असें लिहितां आलें असतें तर गोष्ट अधिक गोड झाली असती. पण तसें झालें नाहीं. तो पास झाला, इतकेंच. गणित त्याला अजूनही जड जातें. मात्र उदाहरण सुटलें नाहीं तर तो मागचें उत्तर पाहून खालून वर रीत जुळवीत नाहीं. “येथवर आलें, पुढें येत नाहीं” असें लिहून वही मजकडे आणतो. अशा मुलाला शिकवितां येतें.

पालकांना धीर म्हणजे काय हें मीं सांगावयास नको. मृगाकडे डोळे लावून बसणारा, दुबार पेरणी करणारा, आणि एक हंगाम बुडाला तरी पुढच्या सालीं पुनः तिफण जुंपणारा वऱ्हाडचा कास्तकार तो रोज जगतो. श्रम केले म्हणजे फळ हक्कानें मिळतेंच असें नाहीं, हें त्याला पुस्तकावांचून कळलेलें असतें. जें धैर्य आपण शेतांत दाखवितों, तेंच मुलाच्या बाबतींत दाखवावें, एवढीच विनंती आहे. मूल हें एका परीक्षेचें पीक नव्हे.

आणि विद्यार्थ्यांनो, थांबणें म्हणजे स्वस्थ बसणें असें समजूं नका. रानमेंढ्याचा शिकारी थांबतो तेव्हां वारा पाहत असतो. कोरकू आजोबा थांबतात तेव्हां कान देऊन असतात. रासमुसेनबाईंनीं सागवनांत पाऊल टाकण्यापूर्वीं संग्रहालयांतील जुने नमुने किती वेळ न्याहाळले असतील! तुमचा अभ्यास ही अशीच डोंगरांतील चाल आहे. कित्येक दिवस हातीं कांहीं लागणार नाहीं. त्या दिवसांची नोंद खरी ठेवा, आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे पुनः उठा.