झबले आपले, नाव कुणाचे?



आपल्या घराघरांतून हल्ली एक नवाच उद्योग चालू झाला आहे. मुलामुलींनी संगणकावर एखादे चित्र काढायचे किंवा चार अक्षरे सुबक मांडायची आणि ती इंटरनेटवरच्या दुकानात ठेवायची. गिऱ्हाइकाने मागणी केली की दुकानदारच ती टी-शर्टावर, मगवर नाहीतर थैलीवर छापतो आणि परस्पर पाठवतो. घरात माल साठवायचा नाही, भांडवल घालायचे नाही. सैन्यातून सुटलेल्या पोरांना पुढच्या शिक्षणासाठी चार पैसे जमवायला हे बरे पडते. माझी नातही त्यांतलीच. गेल्या वर्षी एका सकाळी तिच्या दुकानातला निम्मा माल नाहीसा झाला, साठलेले पैसे अडकले, आणि पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. तेव्हापासून मी या विषयात लक्ष घातले. निवृत्त नर्सला व्यापारातले काय कळते, असे कुणी म्हणेल. पण जिचा जन्म औषधांची नावे वाचण्यात गेला, तिला हा विषय वाटतो तितका परका नाही.

तिचा गुन्हा काय, तर तान्ह्या मुलांना घालतात तो खाली बटणांचा अंगरखा. त्यावर तिने स्वतःच्या हाताने हत्ती काढला होता. हत्ती तिचाच, रंग तिचेच. पण मालाच्या नावात तिने इंग्रजीत 'वन्सी' असे लिहिले. अमेरिकेतल्या आया हा शब्द सर्रास वापरतात, परंतु 'वन्सीज' हे तिथल्या गर्बर नावाच्या बालकपड्यांच्या कंपनीचे नोंदलेले व्यापारचिन्ह, म्हणजे ट्रेडमार्क आहे. दुकानाच्या यंत्राने शब्द हेरला आणि तो असलेला सगळा माल काढून टाकला. 'बेबी बॉडीसूट' असे साधे नाव दिले असते तर काही झाले नसते. आपला 'झबले' हा शब्दही कुणाच्या बापाचा नाही, फक्त शिकागोच्या गिऱ्हाइकाला तो कळला नसता! पुष्कळ पत्रव्यवहार झाल्यावर पैसे सुटले, पण ऐन सणाची विक्री गेली ती गेलीच.

मुले येथेच फसतात. "चित्र मी काढले, मग हरकत कसली?" असे त्यांना वाटते. चित्राचा हक्क निराळा आणि चिन्हाचा हक्क निराळा. चित्राचा हक्क, म्हणजे कॉपीराइट, कधीतरी संपतो. इस्राएलमध्ये तो साधारणपणे कलाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो. व्यापारचिन्ह मात्र दर १० वर्षांनी नव्याने फी भरली आणि ते वापरात ठेवले, तर पणतवंडांपर्यंत चालते. आणि ते चित्रच असले पाहिजे असे नाही. एक शब्द, एखादे वाक्य, बाटलीचा आकारसुद्धा चालतो. हा माल कुणाकडून आला हे गिऱ्हाइकाला कळावे, एवढेच त्याचे काम.

वॉर्डात आम्हाला हे पहिल्या वर्षीच शिकवत. येथे ताप आला की सगळे 'अकामोल' मागतात. ते तेवा कंपनीने ठेवलेले नाव, औषध पॅरासिटामॉल. मुंबईला त्यालाच लोक 'क्रोसिन' म्हणतात. बोट कापले की आपण 'बँड-एड' मागतो, तेही एका कंपनीचेच नाव. 'अ‍ॅस्पिरिन'ची तऱ्हा तर अजब आहे. ते नाव जर्मनीच्या बायर कंपनीने १८९९ साली नोंदवले. पण लोकांच्या तोंडी तेच औषधाचे नाव होऊन बसले, आणि १९२१ साली अमेरिकेतल्या कोर्टाने ठरवले की सामान्य लोकांपुरता तो शब्द आता बायरचा एकटीचा नाही. कॅनडात मात्र तो आजही बायरचाच आहे. म्हणून शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे एवढ्यावर भरवसा ठेवू नये, आणि एका देशात मोकळा म्हणून दुसऱ्या देशातही मोकळाच असेल असे धरून चालू नये. आपण राहतो अश्दोदला, छपाई होते तिसरीकडे, गिऱ्हाईक अमेरिकेत. जेथे माल विकायचा तेथला कायदा पाहावा लागतो.

पुढे नातीने परिचारिका दिनासाठी, १२ मेसाठी, मग काढायचे ठरवले. पांढऱ्यावर तांबडी फुली. मी म्हटले, "बाई, हे तर मुळीच नको." रेड क्रॉसचे चिन्ह १९४९ च्या जिनीव्हा कराराने राखलेले आहे. खासगी माणसाने किंवा कंपनीने ते, किंवा त्याची नक्कल, वापरायला बंदी आहे, मग शांततेचा काळ असो की युद्धाचा. तिने रंग उलटे केले, तांबड्यावर पांढरी फुली. तो झाला स्वित्झर्लंडचा झेंडा! रेड क्रॉसचे चिन्ह त्याचेच रंग उलटवून घेतलेले, म्हणून त्याच करारात स्विस चिन्हालाही व्यापारापासून संरक्षण दिले आहे. मग ती म्हणाली, तांबडा मागेन दावीद घालू का? त्याच्यासाठी आपल्या देशाचा १९५० चा स्वतंत्र कायदा आहे. शेवटी मगवर स्टेथोस्कोप आला, आणि तो छान दिसतो.

येथे मला थोडे रागावून बोलावेसे वाटते. असली चिन्हे मगवर, चड्ड्यांवर छापणाऱ्यांना ती केवळ शोभेची वाटतात. ज्या गाडीवर ते चिन्ह आहे तिच्यावर गोळी झाडायची नाही, असा त्याचा अर्थ आहे. आत जखमी माणूस असतो, आणि बहुधा एक नर्सही.

मराठी शब्दांचा माल तिने काढला तेव्हा 'झकास' हा शब्द पुढे आला. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नट अनिल कपूर यांचे नाव, छबी, आवाज आणि त्यांच्या खास ढंगातला 'झकास' यांचा परवानगीवाचून धंद्यासाठी वापर करण्यास मनाई केली. हा व्यापारचिन्हाचा नव्हे, व्यक्तीच्या ओळखीचा हक्क. माझ्या मते नुसता शब्द आपल्या सगळ्यांचा आहे. आमचे वडील अलिबागला ताज्या बोंबलाला झकास म्हणत, तेव्हा ते कुणा नटाची नक्कल करत नव्हते. पण शब्दाशेजारी त्या नटाचा चेहरा, मिशी, गॉगल आला की दुकान बंद होण्याची तयारी ठेवावी. सिनेमातली पात्रे, क्रिकेटचे संघ, विद्यापीठांची बोधचिन्हे यांचेही तसेच. 'अमक्यासारखे' किंवा 'त्यांच्याशी आमचा संबंध नाही' असे खाली लिहून सुटका होत नाही. थट्टा म्हणूनही फार वाचता येत नाही. कुत्र्याच्या एका खेळण्याला जॅक डॅनियल्स या व्हिस्कीच्या बाटलीचे रूप दिले होते. दुसऱ्याच्या चिन्हाची थट्टा आपल्याच मालाचे चिन्ह म्हणून वापरली तर थट्टेचे खास संरक्षण मिळत नाही, असे जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले.

मग करायचे काय? शोधायचे. अमेरिकेच्या व्यापारचिन्ह कार्यालयाची नोंदवही इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते, युरोपची आणि भारताचीही पाहता येते. जगातल्या मालाचे आणि सेवांचे ४५ वर्ग पाडलेले आहेत. कपडे २५ व्या वर्गात, मग २१ व्या, कागद आणि स्टिकर १६ व्या. वाक्य टाकून पाहावे, मग स्पेलिंग थोडे बदलून पुन्हा पाहावे, कारण ऐकायला सारखे वाटले तरी भांडण होते. प्रत्येक नोंदीपुढे 'जिवंत' किंवा 'मृत' असे लिहिलेले असते. (हे शब्द आम्हा नर्सेसना समजावून सांगावे लागत नाहीत.) मात्र मृत नोंद म्हणजे मोकळे रान नव्हे. अमेरिकेत नोंदणीवाचून, नुसत्या वापरानेही हक्क तयार होतो, म्हणून तेच नाव बाजारात कुणी वापरते आहे का, तेही बघावे. आणि मालाचे वर्णन लिहिताना शोधणाऱ्यांना सापडावे म्हणून प्रसिद्ध कंपन्यांची नावे घुसडू नयेत. पुष्कळांचा माल निघतो तो चित्रामुळे नव्हे, त्या शब्दांमुळे.

नोटीस आलीच तर घाबरून तोच माल दुसऱ्या नावाने पुन्हा चढवू नये. दोन-तीनदा असे झाले की बहुतेक दुकाने खातेच बंद करतात. तक्रार कुणाची, नोंदणीचा क्रमांक कोणता, देश आणि वर्ग कोणता, हे आधी वाचावे. वर्गच निराळा असला, तर तसे सभ्य भाषेत लिहावे. अमेरिकेच्या कायद्यात कॉपीराइटच्या तक्रारीला उलट नोटीस देऊन माल परत ठेवून घ्यायची सोय आहे. व्यापारचिन्हाच्या तक्रारीला ती नाही, म्हणून तक्रार करणाऱ्यालाच पत्र लिहून ती मागे घ्यायला लावावी लागते.